तोंडातला चट्टा दाखवायचा कुठे? गोव्यातल्या मुखतपासणीची पारख

दाढ ठणकली की माणूस त्याच दिवशी दवाखान्याची पायरी चढतो. गालाच्या आतला पांढरा चट्टा दुखत नाही, जेवताना आडवा येत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. कर्करोगाच्या आधीची ही अवस्था बहुतेकदा मुकी असते. रुग्णाला स्वतःहून कळण्याची शक्यता कमी, त्यामुळे सगळा भार तपासणाऱ्यावर येतो. म्हणूनच गोव्यात ही तपासणी कुठे, कशी मिळते हे पारखून घ्यायला हवं.

ठिकाणं चार: गावातलं किंवा कारखान्यातलं शिबिर, सरकारी आरोग्य केंद्र, खाजगी दंतवैद्य आणि बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. पाचवं ठिकाण औषधाचं दुकान. तिथे तपासणी होत नाही, पण चट्ट्यावरचे पहिले पैसे बरेचदा तिथेच खर्च होतात, म्हणून त्यालाही या पारखीत धरलं आहे.

आधी निकष

नीट मुखतपासणीला पाच ते सात मिनिटं लागतात. यंत्र लागत नाही. चांगला प्रकाश, दोन आरसे, गॉजचा तुकडा, हातमोजे आणि मिलिमीटरची पट्टी एवढ्यावर भागतं. सुरुवात प्रश्नांनी व्हायला हवी. तंबाखू, सुपारी, पान, मिश्री, तपकीर, विडी, दारू यांपैकी काय घेता, दिवसातून किती वेळा, तोंडात किती मिनिटं ठेवता, कोणत्या बाजूला, आणि ते तोंडात ठेवूनच झोपता का? हा शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. रात्रभर एकाच जागी राहिलेला विडा त्याच जागी काम करतो, त्यामुळे उत्तर मिळालं की कुठे बघायचं तेही कळतं.

मग कवळी काढायला लावली पाहिजे. ओठ बाहेरून आणि उलटून आतून, दोन्ही गाल ओठांच्या कोपऱ्यापासून शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत, हिरड्या, टाळू, पडजीभ, जिभेखालची जागा हे सगळं क्रमाने बघायचं. जीभ गॉजमध्ये धरून आधी उजवीकडे, मग डावीकडे ओढून तिच्या कडा मागपर्यंत तपासायच्या. जिभेच्या कडा आणि जिभेखालचा तळ या दोन जागी चट्टा असला तर धोका जास्त, आणि नुसतं ‘आ करा’ म्हटल्याने या दोन्ही जागा दिसतच नाहीत. ज्या तपासणीत जीभ धरली गेली नाही ती अर्धीच झाली असं समजा. तपासणी कुठेही होवो, हा एक निकष कुणालाही लावता येतो.

बघून झालं की चाचपणी. गाल दोन बोटांत धरून आत दोऱ्यांसारखे पट्टे लागतात का, जिभेखाली एक बोट आतून आणि एक हनुवटीखालून लावून काही कडक लागतं का, मानेत गाठी आहेत का. शेवटी पट्टीने तोंडाची उघड मोजायची, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत. प्रौढ माणसाची साधारण ३५ ते ५० मिलिमीटर येते. घरच्या घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का ते पाहा. उंड्याचा, म्हणजे गोव्यातल्या गोल पावाचा, घास पूर्वीसारखा घेता येत नाही, पावाचे तुकडे करून खावे लागतात, असं घरातल्या कुणाच्या लक्षात आलं असेल तर तीही नोंदच आहे.

जे दिसलं ते लिहून ठेवलं जातं की नाही हेही बघा. जागा, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, रंग, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, पुसून निघतो का, शक्य असेल तर पट्टी शेजारी धरून फोटो. ‘गालात चट्टा आहे’ एवढीच नोंद सहा महिन्यांनी कामाची नसते, कारण तो वाढला की घटला हे कुणालाच सांगता येत नाही.

नेमकं काय शोधायचं

पांढरा चट्टा दिसला की तो गॉजने पुसून बघतात. पुसला गेला आणि खाली लालसर जागा राहिली तर बुरशी, म्हणजे कँडिडा. गालावर दातांच्या रेषेत आडवी पांढरी रेघ असेल तर ती बहुतेक दातांच्या घर्षणाची, निरुपद्रवी. तुटक्या दाढेसमोर किंवा कवळीच्या कडेला चट्टा असेल तर कड घासून गुळगुळीत करायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. कारण काढूनही राहिला, पुसला जात नाही, दुसरा कोणताही रोग म्हणून ओळखता येत नाही, अशा पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. एकसारखा पांढरा, पातळ, गुळगुळीत असेल तर धोका कमी. लाल-पांढरा ठिपकेदार, गाठाळ किंवा चामखिळीसारखा खडबडीत असेल तर जास्त. एकाच तोंडात अनेक जागी पसरत जाणारा, काढला तरी परत येणारा चामखिळीसारखा प्रकार सगळ्यांत हट्टी. तो हिरड्यांवर जास्त दिसतो, तंबाखूला कधीच न शिवलेल्या वयस्क बायकांमध्येही होतो. ‘आमच्या आईने आयुष्यात पान खाल्लं नाही’ म्हणून त्याच्याकडे काणाडोळा करू नका.

लाल मखमली चट्टा दुर्मिळ, पण त्याची गोष्ट वेगळी. शेफर आणि वॉल्ड्रन या संशोधकांनी १९७५ साली अशा ६५ चट्ट्यांचे काढलेले छोटे तुकडे तपासले (बायॉप्सी), तेव्हा ५१ टक्क्यांत कर्करोग आधीच आत शिरलेला होता, आणखी ४० टक्क्यांत तीव्र पेशीबदल किंवा जागच्या जागी असलेला कर्करोग होता. कारण न सापडणारा लाल चट्टा दोन आठवडे टिकला तर त्याचा तुकडा तपासणं टाळायला जागाच उरत नाही. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून कोकमाचं सरबत पीत बसण्यात हेच दोन आठवडे पुढे सरकत जातात.

गालांच्या आत जाळीदार पांढऱ्या रेषा, बहुतेक दोन्ही बाजूंना सारख्या, ही लायकेन प्लॅनसची ओळख. यात कर्करोग होण्याचं प्रमाण सुमारे एक टक्का. लाल, सोललेले, झोंबणारे भाग असतील तर उपचार लागतो. वर्षातून एकदा तरी बघणं सगळ्यांनाच आवश्यक.

गोव्यात आणखी एक जागा आवर्जून बघावी, टाळू. इथे जळतं टोक तोंडात ठेवून धुमटी ओढण्याची चाल होती, विशेषतः बायकांमध्ये. धुमटी म्हणजे फणसाच्या किंवा सुक्या केळीच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेला शंकूसारखा चिरूट. या उलट्या धुमटीवर गोव्यातल्या ५४४९ गावकऱ्यांची तोंडं तपासून झालेला अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. असं ओढणाऱ्यांच्या टाळूवर पांढरे-लाल चट्टे, उंचवटे, रंग उडालेल्या किंवा काळसर झालेल्या जागा दिसतात. घरातल्या वयस्क बाईला ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर ती खरंच ‘नाही’ म्हणेल. धुमटी, मिश्री, तपकीर ही नावं घेऊनच विचारायला हवं.

सुपारीचं तोंड

कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, प्रदेशात सुपारीबद्दल कडक बोलणं जड जातं. फोंडा, सत्तरी, सांगे भागात ती घरचं पीक आहे, पानाच्या तबकाशिवाय कार्य होत नाही. तरी सांगायला हवं. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते २००४ साली स्पष्टपणे प्रसिद्ध केलं. कोवळी, भाजकी, चिकणी की सुगंधी, याने फरक पडत नाही.

सुपारीतलं अॅरेकोलीन तोंडाच्या अस्तराखालच्या पेशींना जास्त कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे चिवट धागे, बनवायला लावतं. सुपारीत तांब्याचं प्रमाण बरंच असतं. ते तांबं लायसिल ऑक्सिडेज नावाच्या विकराला जोर देतं आणि कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात. एकदा विणलेले धागे शरीराला सहज मोडता येत नाहीत. मऊ गाल हळूहळू चामड्यासारखा होतो. या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केनियातल्या भारतीय बायकांमध्ये तो १९५२ साली नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव वापरलं.

पहिली खूण तोंड बंद होणं ही नव्हे. पहिली खूण जळजळ. नेहमीचं हुमण, म्हणजे माशांची आमटी, अचानक सोसेनासं होतं, लोणचं नको वाटतं, फोड येतात आणि जातात. मग गाल फिका, संगमरवरासारखा पांढरट दिसू लागतो, आतून उभे पट्टे लागतात, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, फुगा फुगवता येत नाही, शीळ वाजत नाही, पडजीभ आक्रसते. उघड ३५ मिलिमीटरच्या खाली गेली की रोग पुढे सरकलेला असतो, २० च्या खाली गेली की दात घासणंही अवघड. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यांतल्या ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला. विशीतल्या मुलाला हा रोग झाला तर पुढची सगळी वर्षं त्याला तपासणीखाली राहावं लागतं.

शिबिरं

नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा उपयोग होतो का? होतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तीन-तीन वर्षांच्या अंतराने तोंडं तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. व्यसन नसलेल्यांना धरून पाहिलं तर फरक तेवढा ठळक नव्हता. म्हणजे शिबिराचा फायदा ज्यांना सवय आहे त्यांना खरा. खाणपट्ट्यातले ट्रकचालक, मच्छीमार, औद्योगिक वसाहतींतले कामगार यांच्यापर्यंत शिबिर पोचलं तर त्याला आमच्याकडून पूर्ण गुण.

शिबिर कमी पडतं ते प्रकाशात आणि पाठपुराव्यात. मंडपातल्या उजेडात फिकट गाल आणि निरोगी गाल सारखेच दिसतात. रांग मोठी असली की प्रत्येकाला एक मिनिट मिळतं आणि जीभ धरायची राहून जाते. काही सापडलं तर ‘बांबोळीला जा’ असं तोंडी सांगणं पुरेसं नाही. चिठ्ठीवर जागा, माप, संशय काय, कोणत्या विभागात जायचं आणि किती दिवसांत, एवढं लिहून मागा. आणि शिबिरात ‘काही नाही’ निघालं म्हणजे पुढच्या वर्षीही काही नसेल असं नाही.

आरोग्य केंद्रं

कर्करोग, मधुमेह अशा रोगांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायची आहे. रक्तदाब-मधुमेह बघायला गेलात की तीही करून मागता येते. तपासणी सरकारी, घराजवळ आणि वारंवार जाता येण्यासारखी, हे तिचं बळ. पण रोज तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याला पाच वर्षांचं अंतर फार मोठं. अशांनी दर वर्षी, आणि तोंडात आधीच काही दिसलं असेल तर त्याहून लवकर जावं. म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ इथे दाखवून पुढची चिठ्ठी घेणं बांबोळीपासून दूर राहणाऱ्यांना सोयीचं पडतं.

खाजगी दंतवैद्य

वर्षानुवर्षं तेच तोंड बघणारा डॉक्टर ही मोठी गोष्ट. गेल्या वेळी नव्हता असा चट्टा त्याच्याच लक्षात येतो. खुर्चीचा दिवा चांगला, वेळ ठरवून मिळते. तुटकी दाढ घासणं, टोचणारी कवळी दुरुस्त करणं हे कामही तिथेच होतं. फक्त दोन आठवड्यांनी परत बोलावलं नाही तर तुम्ही स्वतः तारीख मागा. दाढ घासल्यावर चट्टा गेला का हे पाहिल्याशिवाय ते काम पुरं होत नाही.

काही दवाखान्यांत निळ्या प्रकाशाचं यंत्र असतं. निरोगी अस्तर त्यात हिरवट चमकतं, संशयी जागा काळपट दिसते. दिसायला प्रभावी आहे, पण साधी सूज, रंगद्रव्य, चावलेला गाल हेही काळपट दिसतात, आणि सबम्युकस फायब्रोसिसमध्ये सगळं चित्रच बदललेलं असतं. त्याच्यासाठी वेगळे पैसे द्यावेत असं आम्हाला वाटत नाही. टोल्युडीन ब्लू हा निळा रंग स्वस्त आणि जास्त कामाचा, पण त्यालाही पद्धत आहे. एक टक्का अॅसेटिक आम्लाने २० सेकंद, पाण्याने चूळ, एक टक्का रंग एक मिनिट, पुन्हा आम्ल, पुन्हा पाणी. जिथे गडद निळा टिकतो तिथून तुकडा घ्यायचा. साधी जखमही रंग धरते, म्हणून आधी दोन आठवडे थांबून जखम भरते का हे बघायचं. आणि गुळगुळीत पांढरा चट्टा रंग धरतोच असं नाही, त्यामुळे ‘रंग धरला नाही, काळजी नको’ हा निष्कर्ष चुकीचा.

बांबोळी

गोवा दंत महाविद्यालय १९८० साली सुरू झालं. चट्टा बघणारा मुखरोग विभाग, तुकडा काढणारा शल्य विभाग आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो वाचणारा मुखविकृती विभाग एकाच संस्थेत आहेत, आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर. चट्ट्याच्या बाबतीत ही सोय कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची. तुकडा घेणारा आणि वाचणारा एकमेकांशी बोलू शकले की ‘नमुना अपुरा’ असा अहवाल येण्याचे प्रसंग कमी होतात.

शिकवणारं इस्पितळ आहे हे ध्यानात घेऊन जा. अशा ठिकाणी आधी विद्यार्थी तपासतो, सगळी माहिती लिहितो, मग शिक्षक पुन्हा बघतात. वेळ लागतो. पण तेच तोंड दोघांनी पाहिलेलं असतं आणि नोंद तपशिलाने होते. सकाळी लवकर पोचा, जुने कागद, फोटो, चालू औषधांची पाकिटं बरोबर न्या. मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काणकोण, पेडणे किंवा सत्तरीच्या टोकाहून येणाऱ्याला एका चट्ट्यासाठी तीन-चार फेऱ्या जड जातात, ही या सेवेची खरी अडचण. पहिल्या दिवशीच विचारा: तुकडा कधी, अहवाल कधी, आणि टाके काढायला गावाजवळच्या दंतवैद्याकडे गेलं तर चालेल का?

तुकडा तपासणी

‘सुरी लागली की रोग पसरतो’ या भीतीने लोक इथूनच परत फिरतात. तुकडा घेतल्याने कर्करोग होत नाही आणि पसरतही नाही. जागा बधिर करून चार-पाच मिलिमीटरचा तुकडा घेतात, एक-दोन टाके पडतात, आठवडाभरात जागा भरते.

चुका होतात त्या वेगळ्याच. मोठ्या चट्ट्याच्या सोप्या, पुढच्या भागातून तुकडा घेतला जातो आणि मागचा लाल, गाठाळ भाग तसाच राहतो. तुकडा सर्वांत वाईट दिसणाऱ्या जागेचा हवा, चट्टा मोठा किंवा मिश्र असेल तर एकाहून जास्त जागांचा. फार उथळ घेतला तर रोग खाली शिरला आहे का ते कळत नाही. भूल थेट चट्ट्यात टोचली किंवा तापत्या यंत्राने कापलं तर पेशी बिघडतात. नमुना दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात जायला हवा. पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकलेला तुकडा वाचता येत नाही आणि रुग्णाला परत टोचून घ्यावं लागतं. नमुना तुमच्याच हाती दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला जात असेल तर बाटलीत काय आहे ते विचारा, नाव आणि जागा लिहिलेली आहे का तेही बघा. बुरशी असेल तर आधी तिचं औषध देऊन मग उरलेल्या चट्ट्याचा तुकडा घेणं बरं, कारण बुरशीमुळेही पेशी बदललेल्या दिसतात.

अहवालात ‘डिसप्लेसिया’ हा शब्द शोधा, म्हणजे पेशींचा बिघाड. सौम्य, मध्यम, तीव्र. बिघाड नाही किंवा सौम्य असेल तर सवय बंद, टोचणारं कारण दूर आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. मध्यम किंवा तीव्र असेल तर चट्टा सुरीने किंवा लेझरने पूर्ण काढण्याकडे कल असतो, विशेषतः जिभेच्या कडेला किंवा तळाला असेल तेव्हा. लेझरने नुसता जाळून टाकण्यापेक्षा कापून काढणं चांगलं, कारण काढलेला सगळा भाग पुन्हा तपासता येतो आणि लपलेला कर्करोग सापडू शकतो. काढल्यावरही तो परत येऊ शकतो. म्हणून ‘ऑपरेशन झालं, सुटलो’ असं समजून तपासणी सोडणाऱ्यांची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते.

औषधाच्या दुकानातलं

लायकोपीनच्या (टोमॅटोतल्या लाल रंगद्रव्याच्या) कॅप्सूल: सबम्युकस फायब्रोसिसमध्ये जळजळ आणि उघड यांत काही अभ्यासांत फायदा दिसला आहे, मात्रा साधारण दिवसाला ८ ते १६ मिलिग्रॅम. व्यायामाच्या जोडीला ठीक. सुपारी चालू ठेवून घेतलेली कॅप्सूल म्हणजे गळक्या घागरीत पाणी. पांढऱ्या चट्ट्यावर जीवनसत्त्व ‘अ’ किंवा बीटा-कॅरोटीनने चट्टा फिकट होऊ शकतो, पण औषध थांबलं की परत येतो, आणि पुढचा कर्करोग टळतो असा पुरावा नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रा घेऊच नयेत. अशा लोकांत फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढल्याचं १९९४ साली फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं तोंडात लावायचं मलम लायकेन प्लॅनससाठी चांगलं, पण निदान झाल्यावर. निदानाआधी महिनाभर लावलं तर जळजळ कमी होते, बुरशी वाढते आणि चट्ट्याचा खरा चेहरा झाकला जातो. अल्कोहोल असलेला माउथवॉश जळजळत्या तोंडाला नको. ‘तंबाखूमुक्त’ म्हणून विकली जाणारी सुगंधी सुपारी आणि पानमसाला हा पर्याय नाही, तोच रोग दुसऱ्या पाकिटात आहे. गोव्याने गुटख्यावर २००५ सालीच कायद्याने बंदी घातली, सुपारीचं पाकीट मात्र सहज मिळतं.

निकोटीन गमला आमची शिफारस, नीट वापरला तर. तो च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडीमध्ये ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सोलकढी नको, आंबटपणाने निकोटीन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल तर २ मिलिग्रॅम पुरत नाही, ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा. तोंड उघडतच नसेल किंवा आत जखमा असतील तर गमऐवजी त्वचेवरची पट्टी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर सवय सोडण्यासाठी मोफत समुपदेशन मिळतं.

तोंड उघडण्याचा व्यायाम

सबम्युकस फायब्रोसिसमध्ये सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी केला जाणारा उपचार हाच. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या घ्या, स्वच्छ आणि कड गुळगुळीत. सहज मावतील तेवढ्या एकावर एक धरून पुढच्या नव्हे, मागच्या दातांमध्ये ठेवा, पुढच्या दातांवर जोर आला तर ते हलतात. ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतपत. पाच मिनिटं थांबा. दिवसातून पाच-सहा वेळा, आधी गरम पाण्याचा शेक किंवा कोमट चूळ. आठवड्याने एक काडी वाढवा, जात नसेल तर त्याच संख्येवर राहा. रोज काड्या मोजून वहीत लिहा. गाल फुगवून दहा आकडे धरणं, जीभ जमेल तेवढी बाहेर काढणं हेही जोडीला.

जोराने उघडू नका, आणि कुणाला तसं करूही देऊ नका. आतलं अस्तर फाटलं तर भरताना आणखी व्रण तयार होतो आणि तोंड पूर्वीपेक्षा घट्ट होतं. इस्पितळात गालात हायल्युरोनिडेज हे विकर १५०० युनिट आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अशी टोचणी साधारण आठवड्यातून एक-दोनदा, सहा ते आठ आठवडे देतात. जळजळ लवकर कमी होते, उघड काही मिलिमीटर वाढते, व्यायाम सोडला की ती परत जाते. २० मिलिमीटरच्या खाली गेलेल्यांना पट्टे कापून त्या जागी गालातली चरबी किंवा नाकाशेजारची त्वचा बसवण्याची शस्त्रक्रिया लागते, आणि त्यानंतरही किमान सहा महिने हाच काड्यांचा व्यायाम. रक्ताची टक्केवारीही तपासून घ्या, लोह आणि ब-जीवनसत्त्वं कमी असली की जळजळ हटत नाही.

परत कधी

आमच्या पारखीत कोणत्याही सेवेचा खरा कस इथे लागतो. तीव्र बिघाडाचा चट्टा काढला असेल तर पहिलं वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी, सबम्युकस फायब्रोसिस आणि सौम्य चट्टे दर तीन ते सहा महिन्यांनी, शांत लायकेन प्लॅनस वर्षातून एकदा. त्याआधीच लगेच जायचं ते या खुणांवर: पांढऱ्यात लाली उतरली, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, कड कडक लागू लागली, रक्त येऊ लागलं, एखादा दात कारणाशिवाय हलू लागला, ओठ किंवा जीभ बधिर झाली, मानेत न दुखणारी गाठ आली.

तुकड्याचा अहवाल, त्याचा क्रमांक, पहिल्या दिवशीचा फोटो आणि उघडीची मापं एकाच फायलीत ठेवा आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. डॉक्टर बदलला, मुलगा कामासाठी मुंबईला गेला, तरी पुढच्या तपासणाऱ्याला तुलनेसाठी पहिलं माप मिळतं.